गावात रेंज आहे, असे कधी म्हणायचे?

कर्जत सोडून गाडी घाट चढू लागली, की डब्यातली संभाषणे एकेक करून तुटू लागतात. ‘हॅलो, हॅलो... ऐकू येतंय का? बोगदा आला, मग करतो’ हे वाक्य त्या तासाभरात किती वेळा कानांवर पडते याची गणतीच नको. लोणावळा स्टेशनात गाडी शिरली की सगळ्या खिशांतले फोन पुन्हा जागे होतात. डोंगराच्या पोटात रेंज नसते याचे कोणालाच नवल वाटत नाही. आम्हांला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांत, म्हणजे मुंबई-पुणे हमरस्त्याच्या अगदी कुशीत, उघड्या आकाशाखाली उभे राहूनही फोन लागत नाही अशा जागा भेटतात. शाळेच्या व्हरांड्यात लागतो, वर्गात लागत नाही. देवळाच्या पायरीवर लागतो, विहिरीपाशी लागत नाही. मग या गावात रेंज आहे असे म्हणायचे की नाही? हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारे?

प्रश्न साधा दिसतो. पण गेली तीसेक वर्षे सरकार त्याचे उत्तर बदलत आले आहे. ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द सरकारी कागदांतच राहिला आणि लोकांनी ‘मोबाइल’ आणि ‘रेंज’ हे शब्द उचलले, तसेच काहीसे या उत्तरांचेही झाले. कागदावरची रेंज एक आणि लोकांची दुसरी.

थोडे मागे जाऊ. मावळचा डोंगर संदेशांना प्रथम आडवा आला तो तारायंत्राच्या काळात. १८५० च्या दशकात डॉ. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली मुंबईहून पुणे, बेळ्ळारी, बंगळूर या मार्गाने मद्रासपर्यंत तार ओढण्यात आली आणि १ फेब्रुवारी १८५५ पासून तारसेवा सर्वसामान्यांना खुली झाली. भोर घाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ मध्ये, म्हणजे संदेश घाट आधी चढला आणि गाडी नंतर. तारेची एक सोय होती. डोंगर कसाही असो, खांब रोवत गेले की तार पलीकडे पोचतेच. बिनतारी लहरींचे तसे नाही, त्यांना वाट लागते. २३ जुलै १९२७ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील खडकीच्या केंद्रातून इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला. त्या लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होत हजारो किलोमीटर जात. खडकीहून लंडनला निरोप जात होता, पण खडकीहून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या पवनेच्या खोऱ्यात बिनतारी फोन नीट पोचायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. मोबाइलच्या लहरी त्या थरांवरून परतत नाहीत, सरळ आरपार निघून जातात. त्यामुळे त्यांचा सगळा व्यवहार जमिनीवरचा, आणि जमीन सह्याद्रीची!

खेड्यात एक फोन

१९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा त्यातले एक उद्दिष्ट होते : १९९७ पर्यंत देशातील प्रत्येक खेड्यात सार्वजनिक फोन. अवघड जागी तार ओढणे परवडत नसे, म्हणून टेलिफोन केंद्रावर एक उंच मनोरा उभारायचा आणि आसपासच्या खेड्यांतील फोन रेडिओने त्याला जोडायचे, अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी केली गेली. खेड्यात एक अँटेना, एक बॅटरी, एक सौर तक्ता आणि एक फोन. तो बसला की त्या खेड्यापुढे बरोबरची खूण व्हायची. बॅटरी उतरली, उपकरण बिघडले, तरी खूण तशीच. पुढे ही यंत्रणा इतकी नादुरुस्त निघाली, की अशा सुमारे १ लाख ८५ हजार फोनांची व्यवस्था सरकारला नव्याने बसवावी लागली. मोजायचे काय होते? ‘फोन बसवला का’ हे, की ‘फोन लागतो का’ हे? पहिले मोजायला सोपे म्हणून तेच मोजले गेले. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण तीच पुढे वेगवेगळ्या वेषांत परत येते.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि देशात नवे युग सुरू झाले. खाजगी कंपन्यांना परवाने देताना देशाचे तुकडे पाडले गेले. मुंबई हे एक सेवाक्षेत्र. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. परवान्यात कंपनीवर बंधनही घातले होते : पहिल्या वर्षात जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांपैकी निदान १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के ठिकाणी सेवा पोचली पाहिजे. मुख्य ठिकाणाऐवजी जिल्ह्यातले दुसरे एखादे शहर घेतले तरी चालेल. आणि शहरात सेवा ‘पोचली’ म्हणजे काय? तर नगरपालिकेच्या हद्दीतील निदान ९० टक्के भागात रस्त्यावर आणि इमारतींच्या आत आवश्यक तेवढा सिग्नल मिळाला पाहिजे.

ही व्याख्या चांगली काटेकोर आहे. मात्र ती मावळच्या नकाशावर ठेवून पाहा. पुणे शहरात टॉवर उभे राहिले की पुणे जिल्हा हिशेबात जमा झाला. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत, पर्यटक आहेत, गिऱ्हाईक आहे. तिथे कंपन्या आपखुशीने आल्या. हमरस्त्यावर तर येणारच. पण तुंगच्या पायथ्याचे किंवा आंदर मावळातले गाव या व्याख्येत कुठेच बसत नव्हते. त्या गावात फोन लागला नाही, तर परवान्याचा भंग होत नव्हता. नियम कोणी मोडला नव्हता. नियमाची नजरच हमरस्त्यापलीकडे जात नव्हती.

किती म्हणजे पुरेसा?

आता ‘आवश्यक तेवढा सिग्नल’ म्हणजे किती ते पाहू. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना लॉगरिदमचा याहून चांगला उपयोग दाखवता येणार नाही. फोनपर्यंत पोचणारी शक्ती इतकी लहान असते की ती वॅटमध्ये लिहिताना शून्ये लिहून हात दुखावा. म्हणून ती ‘डीबीएम’ या मापात सांगतात. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम, आणि पुढे दर दहाने कमी झाले की शक्ती दहापट कमी. नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या पाहण्यांत दुसऱ्या पिढीच्या फोनसाठी अशा तीन पायऱ्या धरल्या जात : घरात बोलता यायला उणे ७५, गाडीत उणे ८५ आणि उघड्यावर उणे ९५. उणे ९५ म्हणजे एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा शक्तीवर आपण ‘जेवण झालं का’ विचारू शकतो, हे खरे आश्चर्य. आणि उणे ७५ ही उणे ९५ च्या शंभरपट. भिंत मधे आली की शंभरपट शक्ती जास्त लागणार, असा तो हिशेब आहे. व्हरांडा आणि वर्ग यांतला फरक इथे सापडतो.

डोंगराचे काय? एक गणित करून पाहू. समजा, टॉवर मळवलीच्या बाजूला, हमरस्त्याजवळ आहे. गाव पलीकडे, पवनेच्या खोऱ्यात. मधे लोहगड-विसापूरची रांग. खोऱ्याची उंची ६०० मीटरच्या आसपास आणि लोहगडाचा माथा हजाराच्या वर. म्हणजे टॉवर व गाव यांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या वर डोंगर ४०० मीटर उभा. दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटर अंतर धरू. लहरी अडथळ्याच्या कडेवरून थोड्या वाकतात. यालाच आपण विवर्तन म्हणतो. बेसाल्टच्या थरांमुळे आपले कडे ताशीव असतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातले ‘सुरीच्या धारे’चे सूत्र इथे बऱ्यापैकी चालते. टॉवरची शक्ती २० वॅट आणि अँटेनाने ती एका दिशेला सुमारे पन्नासपट एकवटली, असे धरले तर निघताना ६० डीबीएम होतात. ९०० मेगाहर्ट्झला सहा किलोमीटरच्या मोकळ्या अंतरातच १०७ डेसिबल खर्ची पडतात आणि डोंगराच्या कडेवरून वाकताना आणखी ४१. उरले उणे ८८. म्हणजे अंगणात बोलता येईल, घरात नाही. हेच १८०० मेगाहर्ट्झला केले तर तरंगलांबी निम्मी होते, ३३ सेंटिमीटरची १७ वर येते. ती कमी वाकते, वाटेत खर्चही जास्त होतो, आणि उत्तर येते उणे ९७. आता अंगणातूनही फोन गेला!

हे उत्तरही उदार आहे. टॉवरच्या अँटेना हमरस्त्याकडे आणि किंचित खाली झुकवलेल्या असतात. डोंगरमाथ्याकडे त्यांच्या तोंडची उरलीसुरली शक्ती जाते. शिवाय फोनलाही टॉवरपर्यंत परत ऐकू जायचे असते, आणि त्याची ताकद टॉवरहून कितीतरी कमी. उलट रांगेत जिथे खिंड आहे, जसे लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड, तिच्या समोर पडणाऱ्या जागेला अडथळा कमी उंचीचा भेटतो. म्हणून दोन शेजारच्या वाड्यांपैकी एकीला रेंज आणि दुसरीला नाही, असे होऊ शकते. गावकरी याला टॉवरची लहर म्हणतात. लहर खरीच, पण तिच्यामागे भूमिती आहे.

मग टॉवर लोहगडावरच का बसवत नाहीत, असे मुले हमखास विचारतात. खरेच, चहूकडे नजर पोचावी म्हणूनच तर किल्ले तिथे बांधले गेले. तुंग, तिकोना, विसापूर हे सगळे तिथून दिसतात, आणि ‘दिसते तिथे लहर पोचते’ हा नियम मशालीला आणि मोबाइलला सारखाच लागू आहे. पण लोहगड व विसापूर ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. लोहगड तर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेला. इतर माथे बहुतेक वनखात्याचे. शिवाय टॉवरला वीज लागते, डिझेल लागते, दुरुस्तीला माणूस जावा लागतो. रेडिओच्या दृष्टीने सर्वांत चांगली जागा आणि माणसाच्या दृष्टीने सोयीची जागा क्वचितच एक असते.

मोजणारी गाडी

गणिताने अंदाज येतो. खरे काय ते मोजावेच लागते. मोजण्याची रीत जपानमध्ये घडली. योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ ते १९६५ या काळात तोक्यो आणि आसपासच्या प्रदेशात गाडीत उपकरणे ठेवून सिग्नल मोजला आणि १९६८ मध्ये त्याचे आलेख प्रसिद्ध केले. १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांना सूत्राचे रूप दिले. जगभरच्या मोबाइल कंपन्यांनी टॉवर कुठे उभारायचे हे ठरवताना ही सूत्रे वापरली. ती सपाट वा किंचित उंचसखल जमिनीसाठी होती, मावळसाठी नव्हेत. खडबडीत प्रदेशासाठी जमिनीच्या उंचीचा नकाशाच हवा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली तेव्हा तो सर्वांना मिळू लागला. पण आपल्याकडचा नकाशा बरीच वर्षे दर ९० मीटरला एक आकडा एवढाच होता. अरुंद घळी त्यात बुजून जात.

ट्रायने नेमलेल्या संस्थांच्या पाहणीतही अशीच गाडी असते. आत फोनांचा संच, संगणक, जागा नोंदणारे जीपीएस. गाडी ठरलेल्या मार्गाने फिरते, फोन आपोआप लागतात आणि तुटतात, आणि नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांची माळ उमटत जाते. पद्धत प्रामाणिक आहे. मात्र गाडी रस्त्यावरूनच जाणार! लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीला जाणारी पंधरासोळा किलोमीटरची वाट, किंवा पठारावरची धनगरवस्ती, ठाकरवाडी, कातकरीवाडी या तिच्या मार्गावर येणे कठीण. नकाशावर तिथे लाल ठिपका नसतो. तिथे ठिपकाच नसतो, आणि वरवर पाहणाऱ्याला कोरा कागद स्वच्छ वाटतो.

सरासरीची गंमत तर याहून मोठी. २००९ च्या नियमांनुसार तुटणारे कॉल दोन टक्क्यांच्या आत हवेत; पण ही टक्केवारी संपूर्ण सेवाक्षेत्राची, म्हणजे सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत आणि वर गोवा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर टॉवर आहेत. त्यांतल्या ९५ टॉवरांवर प्रत्येकी हजार कॉल होतात आणि १० तुटतात. उरलेले पाच घाटातले. तिथे प्रत्येकी शंभरच कॉल, पण २० तुटतात. एकूण कॉल ९५,५००, तुटलेले १,०५०. टक्केवारी १.१! कंपनी उत्तम गुणांनी उत्तीर्ण, आणि घाटातला प्रत्येक पाचवा कॉल अर्धवट. जिथे रेंज नाहीच, तिथे कॉल लागतच नाही, त्यामुळे तुटतही नाही. अशी जागा या हिशेबात उलट निर्दोष ठरते.

२०१५ मध्ये ट्रायने तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, अशी भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ती रद्द केली. दोन टक्के कॉल तुटण्याची मुभा तुमच्याच नियमात आहे, मग त्या मुभेच्या आत राहणाऱ्यालाही दंड कसा, हा त्यातला एक मुद्दा होता. आम्हांला हा मुद्दा बोचतो खरा, पण तर्काला धरून आहे. चूक मापात होती. ऑक्टोबर २०१७ पासून माप बदलले : नुसती सरासरी नको, निदान ९० टक्के दिवशी निदान ९० टक्के टॉवरक्षेत्रांत कॉल तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवे. ही मोठीच सुधारणा. आता वरचे आपले शंभर टॉवर पुन्हा तपासा. ९५ टॉवर कसोटीला उतरतात, पाहिजेत ९०. घाटातले पाच अजूनही सुटलेलेच! शाळेचा निकाल ९५ टक्के लागला म्हणून नापास झालेल्या पाच मुलांकडे पाहायचे नाही, असे कोणी शिक्षक म्हणेल का?

२०२४ च्या नियमांनी मोजमाप तिमाहीऐवजी दरमहा करायचे ठरवले, आणि कोणती सेवा कुठे मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर लावणे बंधनकारक केले. पहिल्यांदाच नागरिकाला आपले गाव शोधून ‘इथे रेंज आहे असे तुम्ही म्हणता, पण ती नाही’ असे बोट ठेवून सांगता येईल. अर्थात असे नकाशे बव्हंशी गणिताने काढलेले असतात, गावात जाऊन मोजलेले नव्हेत. वर आपण केले तसलेच ते गणित, फक्त संगणकाने केलेले.

दोन हजारांचे गाव

जिथे कंपनीला नफा नाही तिथे सरकारने पैसा घालायचा, यासाठी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी निघाला. कंपन्यांच्या महसुलातूनच तो भरतो. सुरुवातीला तो तारेच्या फोनपुरता होता, २००६ च्या दुरुस्तीने मोबाइलला लागू झाला आणि २००७ मध्ये टॉवरांची योजना आली. तिच्यातून देशभर ७,३५३ टॉवर उभे राहिले. निकष असा : जिथे रेंज नाही आणि गावाची, किंवा गावांच्या पुंजक्याची, लोकसंख्या दोन हजार वा अधिक आहे अशी जागा. गंगेच्या मैदानात दोन हजार माणसे एका हाकेच्या टप्प्यात राहतात. आमच्या मावळात तेवढी गोळा करायला तीन डोंगर ओलांडावे लागतात. निकष दिल्लीत सर्वांना सारखाच ठरतो, पण डोंगरात आल्यावर त्याचे वजन बदलते.

पुढे निकष गावागणिक झाला. २७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २४,६८० वंचित गावांत चौथ्या पिढीची सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम भारत संचार निगमकडे. यादीबाहेर राहिलेली, नव्याने वसलेली गावे घेता यावीत म्हणून २० टक्के जागा राखली, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख २२ हजारांहून अधिक गावांत मोबाइल पोचला असल्याचे सरकारने सांगितले. ही गावे जनगणनेच्या यादीतली. गावठाणात रेंज आली की गाव मोजले जाते. दीड किलोमीटरवर कड्याखाली असलेली त्याची वाडी वेगळी मोजली जात नाही.

हा फरक कागदी नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्याच जिल्ह्यातले आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले आणि बातमी बाहेर पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री लोणावळ्याच्या घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. तिथे गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेले जवान भर पावसात पायी चढून गेले. सिग्नल मोजणारी गाडी तिथे कधी पोचली नसती, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी दूरसंचार विभागाने एका प्रदेशातल्या सगळ्या फोनांवर एकदम धोक्याची सूचना वाजवण्याच्या चाचण्या घेतल्या. सूचना पोचते ती टॉवरच्या टप्प्यातल्या फोनपर्यंत. दरडीचा धोका कड्याखालच्या वाडीला सर्वाधिक, आणि आपले विवर्तनाचे गणित सांगते की सावलीही सर्वांत गडद तिथेच पडते.

२०२० च्या मार्चपासून शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्रीतल्या कितीतरी मुलांनी या सावल्यांच्या सीमा पायांनी मोजल्या. कुठल्या टेकाडावर, कुठल्या आंब्याखाली धडा उतरतो ते त्यांना पाठ होते. ती माहिती कुठल्याच सरकारी नोंदवहीत गेली नाही. ती अजूनही नोंदता येईल. बहुतेक फोनांत ‘सेटिंग’मध्ये सिम कार्डाची माहिती उघडली की सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये दिसते. मात्र चौथ्या पिढीचे आकडे वेगळ्या मापाने घेतलेले असतात, त्यात उणे १०० हाही चालण्याजोगा असू शकतो. तेव्हा वरच्या पायऱ्यांशी त्यांची थेट तुलना करू नये. एकाच कंपनीचे, एकाच पिढीचे आकडे आपापसांत ताडून पाहावेत. गावाचा नकाशा कागदावर काढावा, दर शंभर पावलांवर थांबून मिनिटभराने आकडा लिहावा, घरात आणि अंगणात वेगळा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात, झाडे पानांनी भरलेली असताना. वाड्या सोडू नयेत. खरे तर सुरुवात तिथूनच करावी. झालेला तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नकाशाशेजारी ठेवून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक वडगावच्या तहसील कार्यालयात द्यावी, आणि पोच घ्यावी.